अ‍ॅटॅकनंतर पंपिंग कमी झालंय, बीपीही कमी आहे. मग बीपीच्या गोळ्या कशाला?

दादा, तुमच्या वडिलांना अ‍ॅटॅकनंतर स्टेंट बसवला, इकोत पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३५ टक्के आलं. वरचं बीपी १०० असताना या गोळ्या कशाला, म्हणून काकांनी दोन बंद करायला लावल्या. कळकळीनं सांगते, त्या गोळ्या बीपीसाठी दिलेल्याच नाहीत. आजच डॉक्टरांना फोन करा. मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल मध्येच तुटली असेल तर ती किती डोसनं पुन्हा सुरू करायची हे त्यांनाच ठरवू द्या. बंद केलेल्यांत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही रक्ताची गुठळी रोखणारी गोळी असेल तर फोन अजिबात लांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

अ‍ॅटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. रक्त कमी पोचतंय असं समजून शरीर रक्तवाहिन्या आवळतं, मीठ-पाणी धरून ठेवतं. त्यानं सुरुवातीला निभावतं, पण पुढे त्याच ताणानं हृदय फुगत जातं आणि पंपिंग आणखी घसरतं. रॅमिप्रिल, बीटा ब्लॉकर (म्हणजे वरची मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल) आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन या गोळ्या हेच थोपवतात. २००३ मधल्या एफेसस अभ्यासात साधारण अशाच रुग्णांना, म्हणजे अ‍ॅटॅकनंतर पंपिंग ४० टक्के किंवा कमी आणि सोबत हार्ट फेल्युअरची (हृदय कमजोर पडल्याची) लक्षणं किंवा शुगर असलेल्यांना, पहिल्या दोन आठवड्यांत एप्लेरेनोन दिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. शुगर नसताना डापाग्लिफ्लोझिन दिली तरी दचकू नका, हार्ट फेल्युअरमध्ये ती शुगर नसलेल्यांनाही उपयोगी पडते. २०२० नंतर आपल्याकडे ती स्वस्तही झाली आहे.

चक्कर येत नसेल तर १०० बीपीवरही डॉक्टर सहसा या गोळ्या चालू ठेवतात, डोस हळूहळू वाढवतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर कळवा, वेळा बदलून किंवा पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी कमी करून मार्ग निघतो. जुलाब-उलट्या लागल्या तरी आधी विचारा, त्या दिवसांत काही गोळ्या थांबवाव्या लागतात.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मिठाची. तांबडा-पांढरा रस्सा, खर्डा, लोणचं, पापड हे कमी करायला सांगितलं की आपल्याकडे लोक ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्हींनी पोटॅशियम आधीच वाढतं, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून ते मीठ नको, रोजचं नारळपाणीही नको. साधंच मीठ, पण कमी. स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यावर आठवड्यानं आणि महिन्यानं रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासून घ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन दुकानातून परस्पर आणू नका. अंगात पाणी साठतं, किडनीवर ताण येतो.

कोरडा खोकला रॅमिप्रिलमुळे असू शकतो, फुप्फुसात पाणी झाल्यामुळेही. सिरप पाजत बसू नका, दाखवा. रॅमिप्रिलऐवजी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन लिहून दिली तर शेवटच्या रॅमिप्रिलनंतर ३६ तास जाऊ द्यायचे असतात, नाहीतर चेहरा-घसा सुजायचा धोका असतो.

रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. आणि सपाट झोपल्यावर धाप लागत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील, तर उद्यावर न टाकता आजच घेऊन जा.