मातीच्या रिपोर्टमध्ये 'सीएच' लिहिलंय म्हणजे काय? या प्लॉटवर घर बांधता येईल का?

घर येईल बांधता, आधी ते सांगतो. प्रश्नात आकडे दिलेत ते बरं केलंत, नुसतं 'माती खराब आहे म्हणाले' यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तुमचे आकडे: सोलापूरजवळचा प्लॉट, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ८२ टक्के खाली गेली, लिक्विड लिमिट ६८, प्लास्टिक लिमिट २९ (ही दोन्ही काय ते पुढे सांगतो). मी माती तपासायच्या लॅबमध्येच काम करतो, असले रिपोर्ट रोज हातातून जातात.

आपल्याकडे मातीची ही वर्गवारी आयएस १४९८ या भारतीय मानकाप्रमाणे करतात, 'सीएच' हा त्यातलाच एक गट. पहिला प्रश्न एकच, निम्म्यापेक्षा जास्त माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिली की खाली गेली? वर राहिली तर ती जाड माती, ४.७५ मिलिमीटरच्या वरची खडी आणि खालची वाळू, आणि तिथे कणांचा आकार महत्त्वाचा, सगळ्या आकाराचे कण मिसळलेले असले तर माती नीट दबते, एकाच मापाचे असले तर मध्ये पोकळ्या राहतात. खाली गेली तर मात्र आकाराने फारसं काही कळत नाही, कारण दगडाची अगदी बारीक पूड आणि काळी माती दोन्ही त्याच चाळणीतून जातात, पण पूड पाण्यात फुगत नाही आणि काळी माती फुगते. तिथे बघायचं ते माती पाण्याशी कशी वागते. तुमची ८२ टक्के खाली, म्हणजे तुम्ही या दुसऱ्या गटात.

चाळणी धुऊन केलीय ना हे मात्र विचाराच. काळी माती वाळली की ढेकळं दगडासारखी होतात, कुणी कोरडीच चाळली तर तीच ढेकळं खडी म्हणून वरच्या चाळणीवर बसतात आणि रिपोर्टमध्ये मातीची वाळू होते. तुमच्या आकड्यांवरून तरी तसं झालेलं दिसत नाही.

आता लिक्विड लिमिट. ४२५ मायक्रॉनखालची माती पाण्यात मळून पितळी वाटीत थापतात, मध्ये एक खाच पाडतात, आणि वाटी १० मिलिमीटरवरून आपटत राहतात, २५ ठोक्यांत खाच तळाशी १२ मिलिमीटर मिटली तर त्या वेळी मातीत जेवढे टक्के पाणी असेल ते लिक्विड लिमिट. हल्ली शंकूनेही करतात. प्लास्टिक लिमिट त्याहून साधं, मातीची वात वळल्यासारखी काचेवर हाताने वळायची, ३ मिलिमीटर जाड झाल्यावर ती तुटायला लागली की तिथलं पाणी मोजायचं. ऐकायला पोरखेळ वाटेल पण शंभर वर्षांहून जास्त काळ टिकलेली टेस्ट आहे, अटरबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाने या मर्यादा मांडल्या आणि पुढे कासाग्रांडेने ती वाटी आणि आलेख बसवून दिला.

दोन्हींतला फरक म्हणजे पीआय (प्लास्टिसिटी इंडेक्स), तुमचा ६८ वजा २९ म्हणजे ३९. कासाग्रांडेच्या आलेखावर चिकणमाती आणि गाळमाती वेगळी करणारी ए-लाइन असते, तिचं सूत्र ०.७३ गुणिले (लिक्विड लिमिट वजा २०). तुमच्यासाठी ०.७३ गुणिले ४८, साधारण ३५. तुमचा ३९ त्याच्या वर आहे म्हणून 'सी' म्हणजे क्ले, चिकणमाती, आणि लिक्विड लिमिट ५० च्या पुढे म्हणून 'एच' म्हणजे हाय, जास्त प्लास्टिसिटीची. ३५ ते ५० मध्ये असती तर 'सीआय' झाली असती, हा मधला गट आपल्या आयएसमध्ये आहे, अमेरिकन पद्धतीत नाही, म्हणून नेटवरचे तक्ते बघून गोंधळू नका.

(कोकणातलं कुणी वाचत असेल तर, जांभ्याची लाल माती ओव्हनमध्ये वाळवून ही टेस्ट करू देऊ नका. बारीक कण एकमेकांना चिकटतात, परत पाणी घातलं तरी पूर्ण सुटत नाहीत, आणि आकडे भलतेच येतात. हवेवरच वाळवायची.)

तर सीएच म्हणजे पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार असा अंदाज, अजून खात्री नाही. त्यासाठी फ्री स्वेल करून घ्या, स्वस्त टेस्ट आहे. दहा दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, कारण रॉकेलात माती फुगत नाही, आणि २४ तास ठेवायचं. समजा पाण्यात १९ मिलिलिटर आणि रॉकेलात ११ दिसली तर फुगवटा ७३ टक्के, मग साधा उथळ पाया विसराच. आणि 'सीएच' वरून जमीन किती वजन पेलेल ते कळत नाही, त्याची टेस्ट वेगळी.

पायाचं म्हणाल तर काळी किती खोल आहे यावर सगळं. पाच-सहा फुटांवर मुरूम लागत असेल तर सरळ तिथपर्यंत खोदून त्यावर बसा, वाद नको. खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगीर कंद असलेले खांब, रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने यावर भरपूर काम केलंय. तिसरा मार्ग म्हणजे न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा दाबून थर, आयआयटी मुंबईचे डॉ. कट्टी यांची पद्धत, पण ती मुख्यतः कालव्यांना वापरली गेली आणि मुरूमही टेस्ट करूनच घ्यावा लागतो. कंत्राटदार 'खाली वाळू भरून देतो' म्हणाला तर हो म्हणू नका, वाळूतून पाणी अजून आरामात आत जातं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाताना बोअरचा तक्ता (किती खोलीवर कुठली माती लागली तो) घेऊन जा, वर्गवारीचं पान एकटं नेऊन तो काही डिझाइन करणार नाही. आणि घराभोवती तीन-चार फूट फरसबंदी उताराची करा, बाथरूमचं पाणी पायाशी सोडू नका.