शुगरवर कॉमेडी करायचीय म्हणतोस, तर हे वाच

तुझी आयडिया मला मनापासून आवडली रे. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या अभ्यासात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या गोव्यातच निघालं, २६.४ टक्के, म्हणजे साधारण दर चौथा माणूस, आणि तरी घरोघरी लोक शुगर लपवतात, त्यामुळे तुझ्यासमोर बसलेल्यांना हा विषय शिकवावा लागणार नाही, फक्त उघडपणे बोलायचा धीर द्यावा लागेल.

आधी पाचच मिनिटांचं मटेरियल पक्कं कर. पणजीच्या कॅफेत चाललेला पंच फोंड्यात जत्रेच्या मांडवात पडू शकतो, तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे असतात, म्हणून दोन्हीकडे करून बघ आणि दरवेळी मोबाइलवर रेकॉर्ड कर. ऐकताना हसू कुठे आलं यापेक्षा लोक कुठे चुळबुळ करायला लागले ते लिहून काढ, खरं लेखन तिथूनच सुरू होतं.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, पेशंटवर हसू नकोस. लग्नात जबरदस्तीने बेबिंकासारखं गोड भरवणाऱ्या मावशीवर हस, "एका तुकड्याने काय होतंय" म्हणणाऱ्या काकांवर हस. औषधाबद्दलचं प्रत्येक वाक्य स्टेजवर जायच्या आधी डॉक्टरला दाखव, कारण तुझं ऐकून कुणी गोळी बंद केली तर ते फार महागात पडेल. कुणी काढा नाहीतर पावडरची जाहिरात घेऊन आला तर सरळ नाही म्हण, पैसे कितीही देऊ देत.

शाळा, पंचायत, रोटरी, बोलावतील तिथे भाषणाला जा, पण मानधन आधीच ठरव. नोकरी इतक्यात सोडू नकोस.