विद्यापीठाच्या पत्राशिवाय पोलीस तक्रार घेतील का?

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. दुसऱ्या विभागातला एक संशोधक विद्यार्थी दोन महिन्यांपासून माझ्या मागे लागला आहे. रात्री ग्रंथालयातून निघाले की वसतिगृहाच्या फाटकापर्यंत मागोमाग येतो, नवनव्या नंबरांवरून मेसेज करतो. ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही, संपर्क करू नका’ असं मी त्याला लिहून कळवलं आहे. सुरक्षा कार्यालय ‘लक्ष ठेवतो’ म्हणालं. पोलीस चौकीतून ‘विद्यापीठाचं पत्र आणा’ म्हणून परत पाठवलं. वॉर्डन म्हणतात, पोलिसांत गेलीस तर विद्यापीठाची अंतर्गत तक्रार समिती तक्रार घेणार नाही, शिवाय घरी कळवावं लागेल. काय करू?

उत्तर : चौकीत तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं आहे. पोलिसांत तक्रार द्यायला विद्यापीठाचं पत्र लागतं, असं कुठल्याही कायद्यात नाही. आवाराच्या कुंपणाआतली जागासुद्धा पोलीस ठाण्याच्याच हद्दीत येते.

तुम्ही लिहिलेला प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतो. नको म्हणून स्पष्ट कळवल्यावरही स्त्रीचा पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा ठरल्यास ५ वर्षांपर्यंत. तुम्ही नकार लिहून कळवलात हे फार चांगलं केलंत. तुमच्या तक्रारीचा सगळा जोर त्या एका मेसेजवर आहे. तो आणि त्यानंतर आलेला प्रत्येक मेसेज जपून ठेवा. काहीही पुसू नका, फोन विकू किंवा बदलू नका.

ठाण्यात गेल्यावर एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. ठाणे अंमलदार बऱ्याचदा अर्ज ठेवून घेतात आणि शिक्का मारलेली पोच देतात, किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात. ही दोन्ही म्हणजे एफआयआर (गुन्ह्याची पहिली खबर) नव्हे. एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तुमच्या तक्रारीतला गुन्हा दखलपात्र आहे, म्हणून एफआयआरच मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार अशा गुन्ह्यात तुमची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. तक्रार ऑनलाइन दिलीत तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. ‘आधी प्राथमिक चौकशी करतो’ असं उत्तर आलं तर त्यासाठी उपअधीक्षकांची परवानगी लागते आणि ती चौकशी १४ दिवसांत संपवायची असते, हे शांतपणे लक्षात आणून द्या. तरीही नोंद झाली नाही, तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना) पोस्टाने पाठवा. त्यानेही भागलं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्या वेळेला हा गुन्हा जामीनपात्र आहे. एफआयआर झाली तरी तो मुलगा दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात दिसू शकतो. म्हणूनच विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडेही जा, आणि लवकर जा.

वॉर्डनचं म्हणणं नियमांच्या अगदी उलट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे, विद्यार्थिनीला पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर समितीने तिला मदतच करायची असते. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात. समितीकडे लेखी तक्रार ३ महिन्यांच्या आत द्यावी लागते. प्रकार सुरू असेल तर ही मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, त्यामुळे तुम्ही मुदतीत आहात. तक्रारीच्या शेवटी अंतरिम (चौकशी चालू असतानाच्या) उपायांची मागणी स्पष्ट लिहा : त्याला तुमच्यापासून दूर राहण्याची लेखी ताकीद द्यावी, आणि धोका दिसला तर त्याला आवारात येण्यास मनाई करावी. विनियमांत या दोन्हींची सोय आहे. न मागितलेला दिलासा क्वचितच मिळतो, म्हणून हे दोन मुद्दे वगळू नका. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तडजोडीचा प्रस्ताव फक्त तुमच्या इच्छेनेच येऊ शकतो. कोणी दबाव आणला तर तेही लिहून कळवा.

आता सगळ्यात घाईचं काम. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आजच कुलसचिव आणि मुख्य सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या : अमुक तारखेला, अमुक वेळेला, ग्रंथालयाच्या दारापासून वसतिगृहाच्या फाटकापर्यंतचं चित्रण जतन करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मग चित्रण गेलं तर ते का गेलं याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून वापरायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवण्याचं काम पोलिसांवर सोडा.

सुरक्षारक्षकांकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. त्यांना पोलिसांचे अधिकार नसतात. पण ते रात्री तुमच्यासोबत फाटकापर्यंत येऊ शकतात आणि नोंदवहीत वेळ टाकू शकतात, आणि तेवढं तरी मागून घ्या. तो मागे दिसला तर त्याच क्षणी ११२ लावा.

राहिलं घरचं. तुम्ही सज्ञान आहात. तक्रार द्यायला आई-वडिलांची संमती लागत नाही आणि त्यांना कळवणं ही तक्रारीची अट असूच शकत नाही. त्यांना कधी, काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. पण ठाण्यात एकट्या जाऊ नका. ज्या मैत्रिणीने त्याला तुमच्या मागे येताना पाहिलं असेल तिला सोबत न्या. तिचा जबाबही त्याच दिवशी घ्यायला सांगा.