ओपिऑइड आणि ग्रोथ हार्मोन: नवीन वाचायला घेतलंयस तर

हे बघ, ओपिऑइड (मॉर्फिनसारखी औषधं आणि शरीरातच बनणारे तसे पदार्थ) ग्रोथ हार्मोनवर काय परिणाम करतात हे वाचताना सगळ्यात आधी उंदरांवरचे पेपर आणि माणसांवरचे पेपर वेगळे ठेव. उंदरात मॉर्फिन दिलं की ग्रोथ हार्मोन चांगलंच वाढतं, माणसात तेवढं सरळ दिसत नाही. माणसात जास्त ठळक परिणाम एन्केफॅलिनसारख्या (एन्केफॅलिन म्हणजे शरीरातच बनणारं ओपिऑइड) प्रयोगशाळेत बनवलेल्या पेप्टाइडने (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीने) दिसला, तो नालोक्सोनने (ओपिऑइडचा परिणाम अडवणारं औषध) दबतो म्हणून ओपिऑइड रिसेप्टरचा (पेशीवर ओपिऑइड जिथे बसतं त्या जागेचा) हात आहे असं म्हणता येतं. पण नुसतं नालोक्सोन दिलं तर नेहमीची पातळी फारशी हलत नाही, म्हणजे रोजचं नियंत्रण यावर चालत नसावं, आणि हा मुद्दा नवीन लोक हमखास सोडून देतात.

ओपिऑइडचं हे काम मुख्यतः हायपोथॅलॅमसच्या (मेंदूतला हार्मोन नियंत्रित करणारा भाग) पातळीवर होतं, तिथे जीएचआरएच (ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारं हार्मोन) वाढणं किंवा सोमॅटोस्टॅटिन (ते रोखणारं हार्मोन) कमी होणं, नेमकं कुठलं किती यावर मतभेद आहेत.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट! ग्रोथ हार्मोन वाढवणारे जीएचआरपी नावाचे बनवलेले पेप्टाइड मेट-एन्केफॅलिनमध्ये (एन्केफॅलिनचा एक प्रकार) बदल करत करत सापडले, पण ते ओपिऑइड रिसेप्टरवर नाही तर वेगळ्याच रिसेप्टरवर बसतात, आणि त्या रिसेप्टरवर बसणारं शरीरातलं हार्मोन म्हणजे घ्रेलिन, जे 1999 मध्ये सापडलं. ओपिऑइडचा मार्ग आणि हा मार्ग यांची गल्लत करू नकोस.

ग्रोथ हार्मोन झटक्या-झटक्याने सुटतं, त्यामुळे एकाच रक्ततपासणीवर निष्कर्ष काढलेला दिसला तर सावध हो. आणि कृपा करून हार्मोन वाढवायला ओपिऑइड घ्यायचा विचार कुणी करत असेल तर त्याला तिथेच थांबव, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो आणि दीर्घ वापराने टेस्टोस्टेरॉनही घसरतं.