'सिटिझन्स पॅनेल'ला मराठीत काय म्हणायचं?

एका ताईंनी विचारलंय की त्यांची वहिनी यूकेमध्ये असते, तिला तिथल्या लोकल कौन्सिलचं पत्र आलं की आमच्या 'सिटिझन्स पॅनेल'वर या, तिने सासूबाईंना फोनवर सांगितलं की माझी नागरिक पॅनेलमध्ये निवड झाली, तर त्यांनी लगेच विचारलं, अगं निवडणुकीला कधी उभी राहिलीस? तर मराठीत नेमकं काय म्हणावं, 'नागरिक प्रतिनिधी मंडळ' चालेल का?

सासूबाईंचं काहीच चुकलं नाही, त्यांनी मराठी अगदी बरोबर ऐकलं. आपल्याकडे पॅनेल म्हटलं की साखर कारखान्याची नाहीतर ग्रामपंचायतीची निवडणूक, अमक्याचं पॅनेल आलं, तमक्याचं अख्खं पॅनेल पडलं, सोसायटीला यंदा दोनच पॅनेल आहेत वगैरे. म्हणजे एकत्र उभे राहिलेले उमेदवार. हा अर्थ मराठीत इतका पक्का बसलाय की 'नागरिक पॅनेल' हे एखाद्या पॅनेलचं नावच वाटतं, पुढे चिन्ह कुठलं एवढंच विचारायचं बाकी राहतं. गंमत म्हणजे इंग्रजीतही हा शब्द यादीवरूनच आलाय. मूळ लॅटिन शब्द कापडाचा, त्यावरून फ्रेंचमध्ये कापडाचा तुकडा, आणि पुढे ज्यूरीत बसायला बोलावलेल्या माणसांची नावं ज्या पट्टीवर लिहायचे ती पट्टी म्हणजे पॅनेल. तिकडे ती यादी बोलावलेल्या साध्या माणसांची राहिली, आपल्याकडे मतं मागणाऱ्यांची झाली.

आता वहिनींचं पॅनेल म्हणजे काय ते बघू, कारण वस्तू कळल्याशिवाय शब्द सापडत नाही. कौन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका समजा, कचरा, लायब्ररी, बागा, रस्त्यांची देखभाल हे बघणारी. ती मतदार यादीतून किंवा पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं उचलते, पत्रं पाठवते, आणि जे हो म्हणतात त्यांच्यातून साधारण हजारेक लोकांचा गट असा जमवते की वय, स्त्री-पुरुष, वस्ती, वंश या बाबतीत तो गावासारखाच दिसावा. गावात पासष्टीच्या वरचे जितके टक्के, तितकेच साधारण गटात. मग वर्षातून काही वेळा प्रश्नावली येते, लायब्ररी शनिवारी किती वाजेपर्यंत उघडी हवी, कचरा आठवड्याने उचलावा की पंधरवड्याने, आणि नंतर लोकांनी काय सांगितलं आणि आम्ही काय केलं हेही कळवायचं असतं (ते कळवलं नाही की लोक उत्तरं द्यायचं सोडतात). काही काळाने थोडे जुने लोक काढून नवे घेतात, कारण तीच ती माणसं राहिली की ती हळूहळू कौन्सिलच्याच भाषेत विचार करायला लागतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे तिकडे जोरात सुरू झालं, 1998 मध्ये खुद्द तिथल्या केंद्र सरकारने 5000 लोकांचं 'पीपल्स पॅनेल' केलं होतं, ते 2002 मध्ये बंद झालं, पण 1999 च्या कायद्याने कौन्सिलांवर लोकांना विचारायची जबाबदारी टाकली आणि बऱ्याच कौन्सिलांनी आपापली पॅनेल केली.

तर 'प्रतिनिधी मंडळ' का नको? 'प्रतिनिधी' आणि 'प्रातिनिधिक' यात फार फरक आहे आणि हल्ली पेपरातसुद्धा दोन्ही सर्रास मिसळतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं. प्रतिनिधी म्हणजे ज्याला आपण आपल्या वतीने बोलायला पाठवलं तो, नगरसेवक हा प्रतिनिधी. वहिनींना कुणीच पाठवलेलं नाही, त्या गल्लीच्या वतीने बोलत नाहीत, स्वतःचं मत सांगतात, आणि त्यांनी तसंच सांगायचं असतं. प्रातिनिधिक आहे तो सगळा गट मिळून, एकेकटं माणूस नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, त्यातलं शीत काही भाताचा पुढारी नसतं. आणि ही म्हण इथे पूर्ण लागू पडते, वरवरचं शीत चेपून बघितलं तर खाली भात कच्चा राहिलेला कळत नाही, चमचा खालपर्यंत घालावा लागतो. यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं उचलणं म्हणजे तो चमचा.

ग्रामसभा, वॉर्ड समिती हे शब्दही कुणी सुचवतील पण ते वेगळे आहेत. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार, प्रत्यक्षात जे येतील ते. वॉर्ड समितीत मुख्यतः नगरसेवक. आणि महापालिका 'हरकती व सूचना' मागवते तेव्हा ज्याचं घर रस्तारुंदीत जातंय तो अर्ज घेऊन येतो, ज्याला काही फरक पडत नाही तो येत नाही. हे सगळे रस्ते गरजेचेच आहेत, पण तिथे लोक स्वतःहून येतात, पॅनेलमध्ये कौन्सिल लोकांकडे जाते, जे एरवी कधी मीटिंगला आले नसते त्यांच्याकडेसुद्धा.

'जनमत कौल' पण नको. 1967 मध्ये गोव्यात झाला तो जनमत कौल, त्याने गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही ते ठरलं. कौल मानावा लागतो, देवाचा असो की लोकांचा. पॅनेलचं मत कौन्सिल ऐकते, पण निर्णय निवडून आलेल्या लोकांचाच. 'सल्लागार मंडळ' म्हटलं की जाणकार माणसं डोळ्यापुढे येतात, आणि इथे तर जाणकार नसणं हाच मुद्दा आहे. 'सल्लामसलत' सुद्धा मला जड वाटतं, ती आपण जवळच्या दोघाचौघांशी करतो, हजार लोकांचं मत आपण आजमावतो. क्रियापद तेच घ्या, मत आजमावणे.

नाम म्हणाल तर लिहिताना मी 'रहिवाशांचा प्रातिनिधिक गट' लिहीन, एकदा पूर्ण लिहिलं की पुढे नुसतं 'रहिवासी गट'. नागरिकपेक्षा रहिवासी बरं, कारण इंग्रजी नावात सिटिझन असलं तरी तिथे पासपोर्ट विचारत नाहीत, तिथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक कौन्सिलच्या मतदार यादीत नाव घालू शकतो, त्यामुळे त्याला हे पत्र येऊ शकतं. 'वानगी' हा आपला जुना सुंदर शब्द आहे, धान्याची वानगी बघूनच भाव ठरायचा, पण आता तो फक्त 'वानगीदाखल'मध्ये उरलाय, त्यामुळे 'वानगीगट' मला कितीही आवडला तरी आग्रह धरत नाही.

आणि बोलताना 'निवड झाली' हे मात्र टाळा, सगळा घोळ तिथून सुरू झाला. आपल्याकडे त्यासाठी सोडत आहे की, म्हाडाच्या घरांची, प्रभागाच्या आरक्षणाची. वहिनींनी सासूबाईंना एवढंच सांगावं, "आई, इथली नगरपालिका लोकांना काय हवंय ते विचारायला हजारेक जणांची नावं काढते, त्या सोडतीत माझं नाव निघालंय."