वाचकांचे प्रश्न : पिनकोडची सरासरी आणि दोन नाणी

प्रश्न : माझी मुलगी अकरावी वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र शिकते. पिनकोड आकड्यांत लिहिला जात असूनही तो गुणात्मक चल (मोजमाप नव्हे, तर केवळ गट किंवा प्रकार सांगणारी बदलती बाब) कसा, हे मला तिला पटवून देता आले नाही. शिवाय दोन नाणी उडवल्यावर दोन छापे, एक छापा किंवा एकही छापा नाही, अशा तीनच निष्पत्ती (संभाव्य निकाल) असताना प्रत्येकीची संभाव्यता १/३ का नाही, असे ती विचारते.
— एक पालक, कोथरूड

उत्तर : चलाचा प्रकार तो कसा लिहिला जातो यावरून ठरत नाही, त्याच्या किमतींवर कोणती क्रिया केली असता अर्थ उरतो, यावरून ठरतो. पुण्यातील डेक्कन जिमखान्याचा पिनकोड ४११००४ आणि कोथरूडचा ४११०३८. यांची सरासरी ४११०२१ येते आणि तो पाषाण-बावधन भागाचा पिनकोड आहे. पण म्हणून पाषाण काही डेक्कन आणि कोथरूड यांच्या मधोमध येत नाही. येथे आकडे केवळ नावाचे काम करतात. वर्गातील मुलांच्या पिनकोडांचा बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला पिनकोड, काढता येईल, मध्य (सरासरी) मात्र निरर्थक ठरेल.

याहून उपयोगी उदाहरण शिवाजीनगरच्या वेधशाळेतील पर्जन्यमापकाचे आहे, कारण त्या एकाच मोजणीतून तीन प्रकारचे चल निघतात. दिवसभराचा पाऊस २.४ आणि २.५ मिलिमीटर यांच्या दरम्यानही कितीही असू शकतो, म्हणून तो अखंडित चल, म्हणजे दोन किमतींमधील कोणतीही किंमत घेऊ शकणारा चल, होय. भारतीय हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस ‘पावसाचा दिवस’ मानतो. त्यामुळे एखादा दिवस पावसाचा आहे की नाही, हा गुणात्मक चल झाला, आणि जुलैत असे दिवस किती, हा ० ते ३१ या पूर्ण संख्याच घेणारा खंडित चल झाला. या रूपांतरात माहिती गळते, हे विद्यार्थ्यांवर पुरेसे ठसवले जात नाही असे मला वाटते : ३ मिलिमीटरची भुरभुर आणि १०० मिलिमीटरची झोड एकाच रकान्यात जाऊन बसतात.

नाण्यांविषयीची शंका मुळीच सामान्य नाही. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५४ मध्ये, दोन फेकींत किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता २/३ असल्याचे मांडले होते; पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपतो, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा शक्यता तीनच, असा त्यांचा तर्क होता. खरे उत्तर ३/४ आहे. निष्पत्ती तीन मोजण्यात दोष नाही. त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच संभाव्यतेच्या, धरण्यात आहे. मुलीला एक रुपयाचे आणि एक पाच रुपयांचे नाणे देऊन प्रत्येकाचा निकाल वेगळा लिहायला सांगा, म्हणजे छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा चार निष्पत्ती तिला स्वच्छ दिसतील. छाप्यांची संख्या हा खंडित चल असून ०, १ आणि २ या किमतींच्या संभाव्यता अनुक्रमे १/४, १/२ आणि १/४ आहेत.

अखंडित चलाबाबत मात्र असा एकेका किमतीचा हिशेब चालत नाही. उद्या तंतोतंत १० मिलिमीटर पाऊस पडण्याची संभाव्यता सिद्धान्ताप्रमाणे शून्यच धरली जाते, म्हणून तेथे ‘१० ते २० मिलिमीटरच्या दरम्यान पाऊस पडण्याची संभाव्यता किती’ असा वर्गाचा, म्हणजे किमतींच्या पट्ट्याचा, प्रश्न विचारावा लागतो.