परसबागेवर लिहून-बोलून घर चालेल का?

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलं आहे. मुलगी दापोलीला उद्यानविद्येच्या तिसऱ्या वर्षात शिकते. पदवीनंतर तिनं बँकेची कृषी अधिकाऱ्याची परीक्षा द्यावी असं घरच्यांना वाटतं. तिला मात्र घरगुती बागकामावर लेख लिहायचे आहेत, व्याख्यानं द्यायची आहेत. एका स्थानिक साप्ताहिकात तिचे चार लेख छापून आले, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. आजीचा सवाल आहे, "लिवन पॉट भरतला काय?" सोबत एका लेखाचं कात्रण जोडलं आहे.

सप्रेम नमस्कार.

हंगामाच्या धांदलीत वेळ काढून लिहिलंत, म्हणजे काळजी खरी आहे. म्हणून आजींनाच आधी उत्तर देतो. नुसतं लिहून पोट भरणार नाही. साप्ताहिकाचं मानधन, आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावर एखादं भाषण, महिला मंडळांतली व्याख्यानं, सगळ्याची वर्षाची बेरीज केलीत तर स्कूटरचं पेट्रोल आणि फोनचं रिचार्ज सुटेल. मंडळं तर बहुतेकदा शाल आणि नारळ देतात. नारळ आपल्याच आगरात ढिगानं पडलेले असतात, आणि कोकणात शाल पांघरायची कधी?

तरीही मी तिला अडवणार नाही. कारण ते कात्रण मी दोनदा वाचलं.

मोगऱ्यावरचा लेख आहे. पहिले दोन परिच्छेद वाया गेलेत. शास्त्रीय नाव, कुळ, उगमस्थान, सगळं क्रमिक पुस्तकातून उचललेलं. तिसऱ्या परिच्छेदात आजी येते आणि लेख जागा होतो. संक्रांत झाली की आजी मोगऱ्याचं पाणी तोडते, जून पानं ओरबाडून काढते, फांद्या छाटते, आणि शिमग्याला झाड कळ्यांनी भरतं. का, तेही मुलीनं नीट सांगितलंय: ताण बसला की पालवीची वाढ थांबते, आणि पुन्हा पाणी मिळालं की नव्या फुटीवर कळ्या येतात. तुम्ही हापूसला कल्टार घालता तेव्हा वाढ रोखून मोहोर काढण्याचाच खटाटोप असतो, नाही का? आजीच्या हाताची गोष्ट आणि कॉलेजातलं शास्त्र एका परिच्छेदात बसवणं सोपं नाही. तिला ते जमलंय, पण आपल्याला काय जमलंय हे बहुधा तिच्या लक्षात आलेलं नाही. तिला सांगा, लेख तिसऱ्या परिच्छेदापासून सुरू कर.

आता या विषयाला इथे जागा का आहे ते सांगतो. बागकामाचा जो मजकूर मराठीत वाचायला मिळतो, त्यातला बराचसा पुण्या-मुंबईच्या बाल्कनीसाठी लिहिलेला असतो. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार. तिकडे ताटलीवर ठेवलेली कुंडी चालते, इकडे आषाढात ताटली काढून कुंडी दोन चिऱ्यांवर चढवली नाही तर मुळं कुजतात. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, तर नत्र आणि पालाश पावसाबरोबर वाहून जातं. म्हणजे पुस्तकात छापलेला खताचा डोस एकदम घातला तर निम्मा वहाळाला मिळतो. टोमॅटो-वांगी जुलैत लावली की सडतात, ती दसऱ्यानंतरची कामं. मृगाला मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी चढवायची. खारा वारा हा आणखी वेगळा विषय. नारळाच्या सोडणांचा भुसा कुंडीत घालायचा तर त्यातले क्षार आणि टॅनिन आधी धुऊन काढावे लागतात. पोतं पागोळ्यांखाली ठेवलं की ते काम पाऊस फुकटात करतो. हे कुठल्या बाल्कनीच्या पुस्तकात मिळणार?

दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याच्या शिफारशी मोलाच्या आहेत, पण त्या हेक्टरी किलोत असतात. अंगणात पाच कुंड्या आणि एक कढीपत्ता असलेल्या बाईनं हेक्टरी किलोचं काय करायचं? ते चमच्यात आणि ओंजळीत आणून देणारं माणूस हवं. एक विषय तर मी आत्ताच सुचवतो. अंगणात एकच आंब्याचं झाड लावायचं असेल तर हापूस नको, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राचा रत्ना लावा. नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ सालचा, दरवर्षी धरणारा, फळात साका नाही, म्हणजे आतला गर खराब निघत नाही. देवगडच्या बागायतदाराच्या मुलीनं हे लिहिलं तर घरात चार दिवस अबोला होईल, पण लोक तो लेख कापून ठेवतील.

बोलण्याचं मात्र वेगळं आहे. मी स्वतः उद्यानविद्येचा पदवीधर, समुपदेशनाकडे नंतर वळलो. पहिलं व्याख्यान एका तालुक्याच्या गावी महिला मंडळात दिलं. बेचाळीस स्लाइड होत्या. विसाव्या स्लाइडला मागच्या रांगेत मोदकाच्या सारणावर चर्चा सुरू झाली. शेवटी एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीतून अनंताची फांदी घेऊन पुढे आल्या. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. मी एका नजरेत निदान केलं: लोहाची कमतरता, फेरस सल्फेट द्या. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो तर मावशी तशीच पिवळी फांदी घेऊन हजर. तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं की झाडाला पाणी कुठलं घालता. भांडी घासलेलं! राखेनं आणि पावडरीनं. ते पाणी अल्कधर्मी, अनंताला हवी आम्ल माती, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नव्हतं. आमच्या तांबड्या मातीत लोहाची कमतरता सांगून मोकळा झालो होतो मी! मोरीचं पाणी अळवाकडे वळवा आणि अनंताला विहिरीचं घाला, एवढंच सांगायचं होतं. बोलण्याआधी दहा प्रश्न विचारायची सवय मला त्या फांदीनं लावली. तुमच्या मुलीला ती आत्ताच लागली तर बरं. चौथ्या वर्षी तिला ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावं लागेल. बरीच मुलं ते दिवस ढकलतात. तिनं तिथे रोज एका घराचं परसू पाहावं आणि कमी बोलावं.

पगाराचं काय, हा तुमचा मुख्य प्रश्न. बँकेच्या नोकरीत वाईट काही नाही, पण बदली कुठेही होते, आणि दर तीन वर्षांनी माती बदलली तर ती लिहिणार कशावर? तिला जे करायचंय त्याच्या सगळ्यात जवळची नोकरी कृषी विज्ञान केंद्रात असते, तुमच्या जिल्ह्यात किर्लोसला आहे तसं. तिथल्या विषय विशेषज्ञाचं कामच मुळी प्रशिक्षण देणं, प्रात्यक्षिकं करणं, घडीपत्रिका लिहिणं. त्यासाठी एम.एस्सी. लागते, म्हणून पदवीवर थांबू नका. विषय भाजीपाला किंवा पुष्पशास्त्र घ्यावा. विस्तार शिक्षणही चालेल, पण मला विचाराल तर झाडाचा विषय आधी, बोलायला तिला येतंच. जागा वारंवार निघत नाहीत, हेही खरं. तोवर घरची छोटी रोपवाटिका चालवता येईल. फळझाडांची कलमं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो, तो आधी काढा. गिऱ्हाईक आहे. होमस्टेवाले आहेत, गणपतीला आणि मे महिन्यात घर उघडणारे चाकरमानी आहेत, उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांच्या परसबागा आहेत, शाळांच्या आहेत. व्याख्यानातून ओळख होते, पैसे रोपांतून आणि बाग आखून देण्यातून येतात. व्याख्यानाचं मानधन किती हे मात्र तारीख ठरवतानाच सांगायला तिला शिकवा. आपल्याकडे मुलींना ते फार जड जातं.

एका बाबतीत मी कडक आहे. खतं-औषधांच्या कंपन्या तिच्याकडे येतील, व्हिडिओत आमची बाटली दाखवा म्हणतील. पैसे घेतले तर तसं स्पष्ट सांगायचं, आणि कीटकनाशकाची जाहिरात घ्यायचीच नाही. बागेत फवारलेलं औषध तुम्ही काढणीपूर्वीचे दिवस मोजून वापरता. कुंडीतली मिरची सकाळी फवारून संध्याकाळी फोडणीत जाते. एखादं औषध लेबलवर लिहिलेल्या पिकाशिवाय दुसऱ्याला सुचवायचं नाही, हा नियम तिनं पहिल्या लेखापासून पाळावा.

तुमच्याकडून एकच हवंय. विहिरीजवळ दोन गुंठे जागा तिला द्या. कलमांच्या सावलीतली नको, उन्हातली. मृगाला महिना आहे. तोवर मातीचा नमुना तपासून घेऊ दे, मांडवाला काठ्या रोवू दे. काय लावलं, कधी लावलं, काय मेलं आणि कशानं, याची तारीखवार वही ठेवू दे. मेलेल्या रोपांची पानं फाडायची नाहीत. व्याख्यानात लोक तीच ऐकतात. गणपतीला तुम्ही घरी असालच, तेव्हा वही वाचा आणि मला परत लिहा. या वेळी पत्र तिनं लिहिलं तरी चालेल.

कात्रण सोबत परत पाठवतो आहे. त्याच्या मागे तुम्ही पेनानं पेट्यांचा हिशेब केलाय, वाशीची एक खेप त्यात दोनदा धरली गेली आहे.